धाकटीचं सर्टिफिकेट

"नाना, कढीपत्ता तोडू का चार काड्या?"

"तोडा की वहिनी. धाकटी दिसली नाही आज?"

"लॅपटॉप घेऊन बसलीय आत. एचआरमध्ये एमबीए केलं, चाकणला नोकरी लागली, आता म्हणे सर्टिफिकेट पाहिजे. एसएचआरएम की पीएचआर, एवढंच चाललंय. फी डॉलरमध्ये! तुमचा जन्म पर्सोनेल खात्यात गेला, तुम्हीच सांगा."

"दोन्ही अमेरिकेतले. आधी एकाच घरचे, 2014 ला भाऊबंदकी झाली आणि एसएचआरएम संस्थेनं स्वतःची परीक्षा काढली. पीएचआरच्या नादी लागू नको म्हणावं, त्यात तिकडचे कामगार कायदे घोकायचे. आपल्यासारख्यांसाठी पीएचआरआय वेगळी आहे."

"म्हणजे एकदा भरले की सुटलो?"

"छे हो! दर तीन वर्षांनी साठ क्रेडिट दाखवा, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा."

"अगं बाई!"

"आमच्या कारखान्यात आले होते एक साहेब. केबिनमध्ये सर्टिफिकेटांच्या तीन फ्रेमा. एकदा कँटीनच्या चपात्या कच्च्या निघाल्या, दुसऱ्या पाळीच्या पोरांनी ताटं पालथी घातली. साहेब दार लावून ईमेल लिहीत बसले! शेवटी आमचा वेल्फेअर ऑफिसर गेला, पोरांशेजारी बसून तीच चपाती खाल्ली, कंत्राटदाराला तिथंच बोलावून घेतलं. अर्ध्या तासात मशिनं सुरू."

"तसलं सर्टिफिकेट नसतं का?"

"असतं की! 1948 च्या कारखाना कायद्यात होतं, पाचशे कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमायलाच हवा, तोही सरकारमान्य शिक्षण घेतलेला. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता आल्या, त्यात आकडा अडीचशेवर आलाय. जागा वाढतील बघा. आणि त्याचं शिक्षण आपल्या परळला मिळतं, लोखंड्यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था आहे ना, तिथं."

"कोण लोखंडे?"

"नारायण मेघाजी! 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली त्यांनी. तुमची धाकटी रविवारी दहापर्यंत लोळते ती कुणाच्या जिवावर?"

"बाई गं! मग आता तिला सांगू काय?"

"तिच्या एमबीएला वेल्फेअर ऑफिसरसाठी मान्यता आहे का, ते आधी बघायला सांगा. नसेल तर परळ गाठायचं. एसएचआरएमला घाई नाही. उद्या हिंजवडीत एखाद्या अमेरिकन कंपनीत गेली तर करू दे खुशाल, पण फी कंपनीकडून घ्यायची."