राजपुत्रास प्रवेश मिळणेबाबत

प्रति,
मा. ६४ बिटी ऑपरेटिंग सिस्टीम,
मु. पो. नवा लॅपटॉप.

विषय : 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (डॉस आवृत्ती, १९९०) चालू करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपला निळ्या पट्टीतला नकार.

महोदय,

स. न. वि. वि. आपला नकार पोचला. हे ॲप या पीसीवर चालणार नाही, चालेल अशी आवृत्ती हवी असल्यास प्रकाशकाला विचारा, हा आपला सल्ला वाचून गहिवरून आले. प्रकाशक ब्रोडरबंड. ही कंपनी १९९८ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. आता नेमके कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, तेवढे कळवावे.

कारण आम्हांला ठाऊक आहे. ३२ बिटी विंडोज ज्या व्हर्च्युअल ८०८६ सोयीच्या जिवावर डॉसचे प्रोग्रॅम चालवी, ती सोय प्रोसेसर ६४ बिटी मोडमध्ये गेला की बंद होते. हे मान्य. पण १९९५ नंतरच्या कित्येक गेमांचे काय? ते स्वतः ३२ बिटी, आपल्या नियमात चोख बसणारे; फक्त त्यांचा सेटअप १६ बिटी. म्हणजे नवरदेव चालतो, घोडा चालत नाही, सबब लग्न रद्द.

आपल्या घराण्यात पूर्वी असे नव्हते. 'सिमसिटी' हा गेम परत करून टाकलेली मेमरी पुन्हा खुशाल वाचत असे. चूक सर्वस्वी त्याची. तरी विंडोज ९५ करणाऱ्यांनी 'सिमसिटी' चालू आहे का ते ओळखून, असेल तर मेमरी लगेच ताब्यात न घेण्याची खास तरतूद केली. एवढे पाठीशी तर सख्खा मामाही घालत नाही! आपणही कंपॅटिबिलिटीच्या टॅबवर गेमला 'मीच विंडोज ९५' अशी धडधडीत थाप मारता, हे नाकारत नाही. बरेच गेम तेवढ्या थापेवर सुरू होतात. आभार.

आता सेफडिस्क. मूळ सीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय गेम सुरू होऊ नये, म्हणून हे कुलूप विंडोजच्या थेट गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवत असे. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचे भगदाड होते, म्हणून विंडोज १० ने २०१५ मध्ये त्याला दारातूनच परत पाठवले. निर्णय योग्यच, मी असतो तरी हेच केले असते. परिणाम मात्र पाहा. ज्याने पैसे मोजून सीडी घेतली, बिलासकट जपली, त्याचा गेम बंद. ज्याने कुलूप तोडलेली प्रत कुठून तरी पैदा केली, तो निवांत खेळतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

राजपुत्राचे म्हणाल, तर तो सध्या सुखरूप तळघरातून उड्या मारतो आहे. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम, आपण नाकारता तेच काम २००२ पासून करतो. आपल्याला न विचारता तो अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो : प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळे. 'विंग कमांडर'सारखे गेम वेगवान यंत्रावर असे सुसाट सुटतात की शत्रू दिसायच्या आत आपण खलास. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबत राहा, यंत्र हळूहळू म्हातारे होत जाते. जास्तच म्हातारे झाले तर एफ १२. एवढी साधी अदब आपल्या भल्यामोठ्या सेटिंग्जमध्ये कुठेही सापडली नाही.

तरी विनंती की, नकार द्यायचा तर जरूर द्यावा, पण त्यातले प्रकाशकाचे वाक्य तेवढे काढून टाकावे.

कळावे,
आपला (अद्याप १६ बिटी)
एक खेळाडू

प्रत माहितीसाठी : डॉसबॉक्स. (काम आधीच झाले आहे, फक्त नोंद घ्यावी.)