दरीकडे पाठ

महाबळेश्वरला कुठे उभं राहून काय बघायचं, हे साहेब केव्हाच ठरवून गेलाय. लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी 1824 मध्ये हा डोंगर चढून आला. मागोमाग मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला, त्याने 1828-29च्या सुमारास इथे वस्ती केली आणि मग साहेबमंडळींनी कड्यांच्या टोकांवर आपल्या घरच्यांची, स्नेह्यांची आणि वरिष्ठांची नावं चढवायला सुरुवात केली. माल्कमच्या लेकीचा केट्स पॉइंट, आर्थर मॅलेटची आर्थर सीट, शिवाय एलफिन्स्टन, बॅबिंग्टन. सगळ्यात उंच सिंदोळ्याचा डोंगर तेवढा बरीच वर्षं वाचला होता, पण 1920च्या दशकात विल्सन गव्हर्नर झाला आणि तो डोंगरही गेला. आता टॅक्सीवाला आपल्यासमोर पॉइंटांचं छापील कार्ड धरतो, आपण दराची घासाघीस करतो आणि मग दिवसभर प्रत्येक ठिकाणी उतरून, कठड्याला टेकून, साहेबाने मुक्रर केलेला फोटो काढून पुन्हा गाडीत बसतो.

फोटो छानच येतो. साहेबाला नजर होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. तक्रार एवढीच, की तो सगळ्यांचाच छान येतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेहुण्याने टाकलेली आर्थर सीट आणि मावसभावाने टाकलेली आर्थर सीट यांत फरक असतो तो मेहुण्याच्या गॉगलचा. तरी आपण दोन्हींना अंगठा दाखवतो, कारण पुढच्या महिन्यात आपलीही येणार असते.

हे खूळ साहेबाने घरून आणलं होतं. इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टवर थॉमस वेस्ट नावाच्या पाद्र्याने 1778 मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठावर उभं राहिलं की देखावा अगदी चित्रासारखा दिसतो, त्या जागाच त्याने नेमून दिल्या. तिथे जाताना सोबत एक आरसा न्यायची फॅशन होती. किंचित फुगीर, काळपट काचेचा, खिशात मावणारा. क्लोद लोरां या फ्रेंच चित्रकाराच्या निसर्गचित्रांसारखं त्यात सगळं आटोपशीर आणि मवाळ रंगांचं दिसे, म्हणून आरशालाही त्याचंच नाव पडलं. तो वापरायची पद्धत मात्र मोठी गमतीची. देखाव्याजवळ पोचायचं, त्याच्याकडे पाठ फिरवायची, आरसा समोर धरायचा आणि आपल्या खांद्यावरून मागचा डोंगर त्यात बघायचा. आजच्या तरुण पोरांना सेल्फीवरून बोल लावणाऱ्या काकालोकांनी हे जरूर वाचावं. थॉमस ग्रे हा केवढा नावाजलेला कवी. 1769 मध्ये तो असाच आरसा घेऊन फिरताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला, बोटांची पेरं फुटली, आरसा मात्र हातात उघडाच होता. तशातही त्याने थांबून सूर्यास्त बघितला, आणि हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं. आपल्याकडे कठड्यावर चढून मागे झुकणाऱ्यांना गार्ड शिट्टी मारतो, एवढीच काय ती प्रगती.

पण दरीकडे पाठ करण्यात मला तत्त्वतः काही गैर वाटत नाही. प्रश्न आहे तो पाठ फिरवल्यावर बघायचं काय, हा. समोर स्वतःचंच तोंड धरलं तर ते आपण घरीही बघतोच. ते बाजूला केलं, तर पॉइंटवर दुसरं जग भरलेलं असतं आणि त्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही.

आर्थर सीटचंच घ्या. तिथे एका ठिकाणी दरीतून वारा असा वर उसळतो, की हलकी वस्तू खाली टाकली तर ती उलटी वर येते. लोक बाटल्यांची झाकणं टाकतात. (टाकू नयेत. सगळीच काही परत येत नाहीत.) या प्रकाराचा फोटो काढायला गेलं तर पांढऱ्या आभाळात एक ठिपका हाती लागतो. त्यापेक्षा कठड्याच्या कडेला सरकून, दरी पाठीशी घेऊन, माणसांकडे बघावं. झाकण खाली जाताना सगळ्या माना खाली, मग एक क्षण कोणी काही बोलत नाही, आणि मग बँकेतले अधिकारी, नऊवारीतल्या आजी, हनिमूनचं जोडपं, सगळ्यांची तोंडं आ वासून एकदम आभाळाकडे. वाऱ्याचा याहून चांगला फोटो मला तरी ठाऊक नाही.

जपानी चित्रकार होकुसाईला हे सगळं आधीच कळलं होतं. फुजी पर्वताची 36 दृश्यं म्हणून त्याने 1830च्या आसपास लाकडी ठशांची मालिका सुरू केली. ती एवढी खपली की आणखी 10 चित्रं वाढवली, नाव तेच राहिलं. त्यातली लाट जगभर कपांवर आणि टी-शर्टांवर जाऊन बसली आहे, पण माझं आवडतं चित्र पिंप करणाऱ्या कारागिराचं. भलंमोठं बिनबुडाचं पिंप आडवं पडलंय, आत एक माणूस लाकूड तासतोय, आणि पिंपाच्या त्या गोलातून पार लांब, शेताच्या टोकाला, नखाएवढा फुजी. कारागिराचं त्याच्याकडे लक्षसुद्धा नाही. त्याला पिंप पुरं करायचंय.

मोबाइलवाल्यांची अडचण नेमकी याच्या उलट. डोंगर मोठा म्हणून ते वाइड लेन्स लावतात, आणि वाइड लेन्स डोंगराचीच मुंगी करते, वर निम्मा फोटो रिकाम्या आभाळाने भरते. सह्याद्रीला लांबची लेन्स मानवते. तिच्यातून एकामागच्या एक रांगा जवळ ओढल्या जातात, निळ्यावर फिकट निळी अशा बसतात, आणि खाली सावित्रीच्या खोऱ्यात कौलांची चार घरं सापडतात. त्या घरांतून वर बघितलं तर आपला पॉइंट म्हणजे डोंगराचं एक टोक असणार, त्याचं केट किंवा आर्थरशी काही देणंघेणं नसणार.

आणि पावसाळ्यात तर साहेबाची सगळी योजनाच कोलमडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये कठड्यापाशी गेलं की पुढे फक्त पांढरं. तरी गाइड आपलं काम सोडत नाही. "हा समोर तोरणा, त्याच्या डावीकडं रायगड, खाली सावित्री," असं तो पांढऱ्याच्या एकेका तुकड्याकडे बोट दाखवत सांगतो, आणि पैसे दिलेले असल्यामुळे आपणही "हो हो" म्हणतो. एक आजोबा तर "दिसला, दिसला" म्हणाले. नातवाने त्याही दिशेचा फोटो काढला.

अशाच एका धुक्याच्या दुपारी मी कणसं भाजणाऱ्या मावशींच्या निळ्या ताडपत्रीखाली शिरलो. इथे धंदा करणारी सगळीच माणसं दरीकडे पाठ करून बसतात, कारण गिऱ्हाईक रस्त्याच्या बाजूने येतं. मावशींनी पुठ्ठ्याने वारा घातला, निखारे फुलले, आणि त्या पांढऱ्याफटक दुपारी तेवढा एकच रंग होता. लिंबाची फोड तिखटमिठात दाबून त्या कणसावर घासत होत्या, रस निखाऱ्यावर ठिबकला की चर्र व्हायचं, आणि वाफ वर जाऊन धुक्यात अशी मिसळायची की धूर कुठला आणि ढग कुठला ते सांगता येऊ नये. कॅमेऱ्याला धुकं कळत नाही. पांढरं दिसलं की तो फोटो काळवंडून टाकतो, म्हणून उजेड हाताने थोडा वाढवून घेतला. मावशींना विचारून दोन-तीन फोटो काढले. त्यातल्या एकात हात, निखारे, मागे ताडपत्रीची कड आणि तिच्यापलीकडे काहीच नाही, असं सगळं जमून आलं होतं. मी खुशीत तो त्यांना दाखवला.

पदराला हात पुसून त्यांनी मोबाइल जवळ घेतला, बोटांनी मोठा करून बघितला.

"दरी कुठाय ह्यात?"

"मागं आहे मावशी. धुक्यात."

"मग हितनं कशाला काढला?" त्यांनी हातातल्या चिमट्याने कठड्याकडे दाखवलं. "तिथं उभं राहून काढा की. समदी तिथनंच काढत्यात. लई भारी येतो."