नातवाला पट्टा बांधलाय, काळजी नसावी

रेडिंग, इंग्लंड

ती. आई-बाबांस,


चिकूच्या अंगावरच्या पट्ट्याचा फोटो पाठवल्यापासून आपल्या घरच्या ग्रुपवर जो गदारोळ उठलाय, त्याला तिथेच उत्तर द्यायचं म्हणजे रात्र जागावी लागेल. म्हणून हे कागदावरचं पत्र. मोठ्या मामींनी ‘कुत्र्यासारखं बांधून नेतात पोराला’ असं लिहिलं आणि ज्यांनी आजवर माझ्या एकाही फोटोला अंगठा दाखवला नव्हता, त्या सगळ्यांनी मामींना दाखवला.

आई, तो पट्टा कापडी आहे. छाती-पाठीवरून जातो, मागे दोरी, दोरीचं टोक माझ्या मनगटात. इथे चालायला लागलेल्या मुलांना बाजारात सर्रास बांधतात. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधलं तर आपण दामोदर म्हणून हात जोडतो, आणि मी बांधलं तर मी कैकेयी? खरं तर चूक यशोदेचीच होती. उखळ जागचं हलतं हे तिने आधी बघायला हवं होतं. दोन अर्जुनवृक्ष मुळासकट आडवे झाले. ते इंग्लंडात झाले असते तर त्यातून यक्ष वगैरे नंतर निघाले असते, आधी नंदबाबांना वकिलाची नोटीस निघाली असती.

बाबा, तुमचा प्रश्न मात्र दिवाणी कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाला शोभणारा आहे. दुकानात पोर पडलं तर जबाबदार कोण? मी शेजारच्या वकीलबाईंकडून चहाच्या बदल्यात माहिती काढली आहे.

इथे 1957 चा एक कायदा आहे. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने तिथे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की लहान मुलं मोठ्यांइतकी जपून वागणार नाहीत, हे धरूनच तयारी ठेवायची. पार्लमेंटने बसून हे ठरवलं! आपल्याकडे कुठल्याही आजीने फुकट सांगितलं असतं.

हे ऐकून मी खूश झाले की चला, सगळं दुकानाच्या माथी. तर बाईंनी 1955 चा खटला काढला. पाच वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या बहिणीबरोबर ब्लॅकबेरी तोडायला गेला आणि बांधकामासाठी खणलेल्या चरात पडून त्याचा पाय मोडला. न्यायमूर्ती डेव्हलिन म्हणाले, एवढ्या लहान मुलांची पहिली जबाबदारी आईबापांची. शहाणे आईबाप पोरांना असं एकटं सोडत नाहीत, असं जागेच्या मालकाने धरून चालावं. दावा गेला. म्हणजे दुकानदाराने चिकूला चिकू समजायचं, आणि आम्ही शहाणे आहोत असंही समजायचं. दुसरं जरा जड आहे.

उलट, ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांचं एक मूल झुडपाची विषारी फळं खाऊन दगावलं, तेव्हा 1922 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की बापाचा दावा ऐकायलाच हवा. दिसायला गोड फळं, मुलांचा वावर आणि धोक्याची पाटी नाही, मग ‘त्याने खाल्ली कशाला’ असं विचारायची सोय उरत नाही. हे ऐकल्यापासून मी दुकानात गुडघ्याच्या उंचीवरचा कप्पा आधी बघते. 2022 पासून इथल्या मोठ्या दुकानांत पैसे भरायच्या जागेजवळ चॉकलेटं ठेवायला बंदी आहे, लठ्ठपणा वाढतो म्हणून. परवा एका ठिकाणी त्या रिकाम्या जागी बटणाएवढ्या बॅटऱ्या लटकत होत्या. चॉकलेटने दात किडतो, पण ती बॅटरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. आरोग्याची काळजी अशी कप्प्याकप्प्याने चालते.

आई, तुला आवडेल असा खटला लिव्हरपूलचा. एक बाई सुपरमार्केटमध्ये सांडलेल्या दह्यावरून घसरली. दुकान म्हणे, आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा झाडतो. बाई तीनेक आठवड्यांनी पुन्हा त्याच दुकानात गेली, तर संत्र्याचा रस सांडलेला. तिने पाव तास बघितलं, कुणी पुसायला आलं नाही. कोर्टात तेही सांगितलं आणि जिंकली. भरपाई किती? साडेसदतीस वर शंभर पौंड! पण 1976 च्या त्या निकालाने दुकानावर ओझं टाकलं: सांडलेलं पुसायची व्यवस्था नीट होती हे त्यांनी दाखवायचं. तू असतीस तर पाव तास उभी राहिली नसतीस, पदर खोचून फडकं मागितलं असतंस आणि आपला दावा घालवला असतास.

आता आमची गंमत. मागच्या रविवारी काचसामानाच्या दुकानात गेलो. दारातच पाटी, ‘फुटलं तर विकलं गेलं समजा’. मालकीणबाईंची नजर चिकूवरून हलेना. मी दोरी आखूड धरलेली. आणि खळ्ळकन आवाज आला तो तुमच्या जावयाच्या पाठीवरच्या सॅकने. चिनी मातीचा कुत्रा गेला. वकीलबाईंच्या मते नुसती पाटी लावून कुणी देणेकरी होत नाही, निष्काळजीपणा दिसावा लागतो. पोराने फोडलं तरी केवळ जन्म दिला म्हणून आईबाप देणं लागत नाहीत. लक्ष ठेवण्यात कसूर केली तर लागतात. पण अडतीस वर्षांच्या इंजिनियरला यातली कुठलीच सवलत नाही. मुकाट्याने बारा पौंड दिले.

ट्रॉलीबद्दल मात्र चेष्टा नको. तिच्यात मूल उभं राहिलं की सगळा भार वर जातो आणि एवढ्याशा चाकांवर ती कलंडते. खाली फरशी, आणि मूल पडतं ते डोक्यावर. ‘बसू दे गं, हौस आहे’ असं तू आलीस की म्हणशील, म्हणून आत्ताच नाही सांगून ठेवते. सामानाच्या जागी चिकू बसणार नाही. पुढच्या खुर्चीत, पट्टा लावून.

बाबा, मुलाला इजा झाली तर त्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. म्हणजे चिकू आत्ता पडला तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला कोर्टात जाता येईल. तुम्ही म्हणाल आपल्याकडे तेवढ्यात पुढची तारीख मिळते. कापड पेठेत मी हरवले होते तेव्हा तारीख-बिरीख काही लागली नव्हती हे खरं. दुकानदाराने गादीवर बसवून लिमलेटची गोळी दिली आणि तुला वर चार शब्द सुनावले, आई. पण त्याच पेठेत रस्त्यावरून पोराच्या अंगावर स्कूटर आली असती तर त्या गादीवरचे सगळे फक्त हळहळले असते. मला हळहळीपेक्षा हा पट्टा बरा वाटतो. मामींना तसं कळवावं.

तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा लंडन दाखवीनच. मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यावर चिकूचा हात धरायचं काम बाबांचं, आणि त्याला कडेच्या फटीपासून लांब, मधोमध उभं करायचं. मऊ रबरी चपला तिथे अडकतात. साडीचा काठही अडकतो, तेव्हा आई, तू लिफ्टने ये. 1898 साली हॅरॉड्समध्ये असा जिना पहिल्यांदा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या घाबरट गिऱ्हाइकांना ब्रँडी देत असत. बाबांना आधीच सांगून ठेव, ती प्रथा बंद झाली आहे.

तुमची,
माधवी