अध्यक्ष वड आणि गच्चीवरचं बेसन

आव माय, ऐकलं का? आमच्या समोरच्या वहिनींनी मागं एकदा दोन किलो बेसन आणलं, वर दोन किलो गूळ. ओट्यावर बसल्या बसल्या आम्ही पिशव्या मोजल्या. म्हटलं, पोरीला बघायला पाहुणे येणार दिसतंय. कशाचं काय! वहिनी ते सगळं घेऊन तडक गच्चीवर गेल्या आणि दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात ओतून मोकळ्या झाल्या. त्यात दहा किलो शेण, गोमूत्र, कुणाच्या तरी बांधावरची मूठभर माती. वर काठीनं ढवळणं, आणि तेही एकाच दिशेनं. पोराचा हात उलटा फिरला तर त्याच्यावर खेकसणं. याला म्हणे जीवामृत म्हणायचं. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या सुभाष पाळेकरांची ही कृती. पण बाई, ती एका एकराची आहे! वहिनींची गच्ची बारा बाय वीस फूट. उरलेलं अमृत कुठं जातं ते विचारू नका. वारं आमच्याकडं वळलं की कळतंच. खालून त्यांच्या सासूबाईंचा आवाज चढला, “पावण्याला पिठलं करायचं म्हटलं की डबा रिकामा, अन् झाडाला मात्र बेसन!”

हे खूळ एकट्या वहिनींचं असतं तर आम्ही एवढं मनावर घेतलं नसतं. पण अर्ध्या बीडला ते लागलंय. कॉलनीत एक निवृत्त गुरुजी आहेत, जन्मभर गणित शिकवलं. ते आता गांडुळं पाळतात. किलोवर विकत आणली! पावसाळ्यात जी फुकट घरात शिरतात म्हणून आपण मीठ घेऊन धावायचो, तसलीच. दुसऱ्या एकीनं कुंड्यांसाठी कोकोपीट मागवलं. नारळाच्या काथ्याचा भुसा, वीट करून दाबलेला. बीड जिल्ह्यात माती कमी पडली, ऐकताय ना? आपल्या तलावांतला गाळ उपसून शेतात नेण्यासाठी सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशा भल्यामोठ्या नावाची योजना काढली, आणि या बाईसाहेब समुद्रकाठचा भुसा पाण्यात भिजवून फुगवत बसल्यात. पाण्यात बरं का! इथं नळ कधी येईल याचा नेम नाही. नळाला पाणी आलं की फोनाफोनी होते, ऑफिसातून माणसं घरी पळतात.

एका हौशी गृहस्थांनी तर प्लॉटच्या कोपऱ्यात घनवन लावलंय. अकिरा मियावाकी नावाचे जपानी शास्त्रज्ञ होते, त्यांची पद्धत. एका चौरस मीटरात तीन-तीन झाडं लावायची, म्हणजे उन्हासाठी चढाओढ करत ती भराभर उंच जातात. जपानात जात असतील. आमच्याकडं एवढ्या जागेत सासू-सून राहिल्या तर कोण कुणाला उंच होऊ देईल?

पण या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर बोट पालवणच्या डोंगराकडं जातं. साताऱ्याकडचे सयाजी शिंदे, पडद्यावर भल्याभल्यांना घाम फोडणारा खलनायक, ते इथं बीडच्या उशाला येऊन वन विभागाच्या उघड्याबोडक्या माळावर सह्याद्री देवराई उभी करायला लागले. खलनायकानं गुंडगिरी करावी, खंडणी मागावी. हा माणूस खड्डे मागत फिरला. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? २०२०च्या फेब्रुवारीत, तेरा-चौदा तारखेला, लेखक अरविंद जगतापांना जोडीला घेऊन तिथं वृक्ष संमेलन भरवलं. जगातलं पहिलं, असं सांगत होते. आणि अध्यक्ष कोण? वडाचं झाड!

आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? महिनाभर आधीच शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं होतं. फादर दिब्रिटो अध्यक्ष, आणि त्यावरून केवढी धुसफूस. त्याआधीची कित्येक वर्षं तर अध्यक्षपदासाठी मतांचे गठ्ठे, गट-तट, रुसवे-फुगवे, पडलेल्यांची पत्रकं. आपल्याला संमेलन म्हटलं की हे सगळं हवं. आणि इकडं हा वड! अर्ज नाही, प्रचार नाही, विरोधी उमेदवार नाही. पिंपळानं मुलाखत देऊन नाराजी व्यक्त केली नाही, लिंबानं बहिष्कार टाकला नाही. अध्यक्षीय भाषणाचा तर पत्ताच नाही. मराठी संमेलनाच्या इतिहासात असा अध्यक्ष होणे नाही. त्यातून दुसरा दिवस चौदा फेब्रुवारी. कॉलेजची पोरं-पोरी त्या दिवशी डोंगरावर चालली, आणि घरी सांगून चालली की झाडं बघायला चाललो. खरंच झाडंच बघून आली म्हणतात. पिढी कुठं चाललीय!

त्या डोंगरानं पुढं वणवाही सोसला. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते. माणसं फांद्या घेऊन आग झोडपायला धावली. तो किस्सा आमच्या ओट्यावर कुणी तिखटमीठ लावून सांगत नाही. त्यात चघळण्यासारखं काही नाही.

चघळायला आकडे आहेत ना. आपल्या राज्याला झाडांच्या आकड्यांचं भारी वेड. २०१६ला दोन कोटी, पुढच्या वर्षी चार, मग तेरा, आणि २०१९ला थेट तेहेतीस कोटी. देवांइतकी झाडं! देव जसे दिसत नाहीत तशी त्यातली किती झाडं दिसत नाहीत, हे बघायला पुढं विधिमंडळाची समिती नेमण्यापर्यंत गोष्ट गेली. मग आपलं बीड मागं कसं राहील? २०२५च्या ऑगस्टात हरित बीड अभियानात एका दिवसात तीस लाख रोपं लावून विक्रम केला. ज्या जिल्ह्यातलं जंगल शेकड्यात मोजलं तर एका हाताची बोटं पुरतात, तिथं एका दिवसात तीस लाख! त्या दिवशी एकेका रोपाला धरायला पाच-पाच हात होते, फोटोत बघा. मधलं रोप तेवढं दिसत नाही.

ऑगस्टात लावणं सोपं हो. आभाळ पाणी घालतं. दिवाळी सरली की गावंच्या गावं ऊस तोडायला कोयते घेऊन साखर कारखान्याला निघतात, ट्रॅक्टरवर संसार चढतो. ते परत येईस्तोवर गुढीपाडवा. तोवर दारातल्या रोपाला पाणी कोण घालणार, मागं राहिलेली म्हातारी? ती घालतेही. भांडी विसळलेलं पाणी एका घमेल्यात धरून ठेवते आणि खुरडत जाऊन शेवग्याच्या बुडाशी ओतते. तिचा फोटो काढायला कुणी येत नाही, कारण यात विक्रम कसला? तिची सासूही हेच करायची. न्हाणीच्या पाण्यावर अळू, मोरीच्या पाण्यावर पपई, कुडावर घोसाळी. आता त्यालाच सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांत ‘पोषण परसबाग’ म्हणतात आणि गोल वाफे आखून देतात. म्हातारीला विचारलं तर म्हणाली, “आमचे वाफे वाकडे व्हते, पर अळू सरळच यायचं.”

आणि सगळ्यांत निर्लज्ज म्हणाल तर ते सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरातल्या दगडधोंड्यात उगवतं, शेरडं त्याला तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, बेसन मागत नाही, आणि या सगळ्या थोरांच्या नाकावर टिच्चून भौगोलिक मानांकन घेऊन बसलंय. त्याला कुणी कुंडीत लावत नाही. फार फुकटात मिळतं ना.

राहता राहिल्या समोरच्या वहिनी. आम्हाला वाटलं होतं, होळीपर्यंत हे खूळ उतरेल. एप्रिल उजाडला, गच्चीवर पाय ठेवला तर तळवा भाजावा असं ऊन, तरी बाई पहाटे पाचला वर. जुन्या साड्यांची सावली बांधलेली, रंगाच्या डब्यांत वांगी, फुटक्या टाकीत कढीपत्ता. तांदळाचं धुवण, भाज्यांचं धुवण, फिल्टरच्या बारीक नळीतून थेंबथेंब वाया जाणारं पाणी, सगळं कळशीत. आता कळस ऐका. गल्लीत टँकर आला की त्याचा पाइप ज्या जोडावर गळतो, नेमकी त्याच्या खाली वहिनींची बादली. पहिल्या दिवशी टँकरवाला ओरडला. दुसऱ्या दिवशी बघत राहिला. परवा तर तो स्वतःच बादली सरकवून नीट धारेखाली ठेवत होता, आणि जाताना वहिनींनी त्याच्या हातात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या दिल्या. आमच्या डोळ्यांदेखत! याला लाच म्हणायची की काय म्हणायचं, यावर ओट्यावर दोन तट पडलेत. आमची बैठक उद्या पुन्हा आहे, टँकर यायच्या वेळेला.