टोकाचा स्लाइस

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्या तारापूरला सुरू झालं. किरणोत्सारी कचरा वितळत्या काचेत मुरवायचा, ती काच पोलादी डब्यात बंद करायची आणि डबा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचा, हे तंत्रही तारापूरला आहे. तिथून काही किलोमीटरवर, बोईसरच्या आमच्या स्वयंपाकघरात, बुधवारी आणलेला ब्रेड शनिवारी हिरवा होतो.

बरं, हा जिल्हा साठवणुकीत अडाणी आहे म्हणावं तर तसंही नाही. पालघरजवळच्या सातपाटीला जाऊन बघा. आगोटीच्या आधी सुके बोंबील, जवळा, सुकट अशी काही डब्यात भरली जाते की समुद्र खवळो नाहीतर आभाळ फाटो, नारळी पौर्णिमेपर्यंत चुलीला वास कमी पडत नाही. मासळीला चार महिने टिकवणाऱ्या माणसांना चार दिवस ब्रेड टिकवता येत नाही. कारण साधं आहे. बोंबील कसा ठेवायचा ते आजीने शिकवलं. ब्रेड कसा ठेवायचा ते कुणीच शिकवलं नाही, त्यामुळे त्यात प्रत्येक जण स्वयंभू तज्ज्ञ आहे.

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. पावसाळ्यात चहाच्या निमित्ताने बहुतेक घरांत जाऊन आलो आणि ब्रेडपुरतं पाहता माझ्या लक्षात आलं की इथे सहा पंथ नांदतात.

पहिला पंथ गाठवाल्यांचा. ब्रेडच्या पाकिटाला कंपनीने बांधलेली ती इवलीशी तार पहिल्याच सकाळी हरवते. मग पाकिटाला गाठ. गाठ मारतो बाप, सोडवतो मुलगा, तीही दाताने. तिसऱ्या दिवशी पाकिटाला एक तोंड आणि तीन भोकं असतात, तरी गाठ मात्र शिस्तीत मारलेली. याच पंथात कपड्यांच्या दोरीवरचा चिमटा लावणारे सुधारक आहेत. चिमटा खरंच चांगला. फक्त त्या घरात एक शर्ट नेहमी खाली पडलेला असतो.

दुसरा पंथ फ्रिजच्या डोक्यावर ब्रेड ठेवणाऱ्यांचा. ब्रेड 'फ्रिजपाशी' आहे एवढ्यावर त्यांचं समाधान. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याच्या आसपास ऊब. जुलै महिना, वर ऊब, भोवती दमट हवा. बुरशीला याहून चांगली जागा भाड्याने घ्यायची म्हटली तर पागडी द्यावी लागेल.

तिसरा पंथ पोळीच्या डब्याचा. खाली गरम पोळ्या, त्यावर फडकं, फडक्यावर ब्रेड. पोळ्यांची वाफ ब्रेड निमूटपणे पितो आणि दुसऱ्या दिवशी हाताला ओलसर लागतो. 'बघा, कसा मऊ राहिलाय,' असं काकू कौतुकाने सांगतात. तिसऱ्या दिवशी काही सांगत नाहीत.

चौथा पंथ वर्तमानपत्रवाल्यांचा. कडक पाव आणला की कालचा अंक उचलायचा आणि गुंडाळायचा. छापील कागदाची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली सूचना काढली, आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तर वर्तमानपत्र अन्नाला लावायलाच मनाई आहे. हा नियम मी आनंदाने सांगतोय अशातला भाग नाही. माझ्या सदराचे जे काही वाचक आहेत, त्यांत पावाचा नंबर बराच वरचा आहे.

पाचवा पंथ सर्वांत मोठा आणि सर्वांत सुशिक्षित: फ्रिजच्या पोटात ब्रेड ठेवणारे. यांच्याकडे वळतोच, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

सहावा पंथ एका माणसाचा. चौथ्या मजल्यावरचे साहेब आयुष्यभर वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले. ते ब्रेड आणल्या दिवशीच दोन-दोन स्लाइसच्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये टाकतात आणि लागेल तेवढी पुडी काढून थेट तव्यावर. इमारतीने त्यांना विक्षिप्त ठरवलंय. अणुवीज केंद्राच्या सावलीत राहूनही आमच्याकडे वीज जातेच. ती गेली की साहेब फ्रीजरच्या दारापाशी पहारा देतात, बर्फालाही कुणाला हात लावू देत नाहीत. तर सांगायचं असं की सोळा घरांत बरोबर असलेला माणूस हा एकच.

ब्रेडला दोन वेगळे रोग होतात आणि आपण दोन्हींवर एकच गोळी देतो. एक रोग बुरसण्याचा, दुसरा शिळा पडण्याचा.

बुरशी बाहेरून येते. भट्टीच्या आचेत तिचे बीजाणू टिकत नाहीत. पाव निवताना, कापताना, हाताळताना हवेतले बीजाणू त्यावर बसतात. मग त्यांना हवी असते ओल आणि ऊब. कोकणपट्टीतला पावसाळा या दोन्ही वस्तू फुकट घरपोच देतो. पावसाळ्याच्या नावातच पाव आहे, पण पावाला तो मानवत नाही. गार जागी बुरशी मंदावते, इथवर फ्रिजवाल्यांचं म्हणणं खरं.

शिळेपणा मात्र आतून येतो. भाजताना पिठातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं, म्हणून ब्रेड मऊ. निवायला लागला की त्याच पिष्टाचे रेणू पुन्हा रांगेत उभे राहायला लागतात, पाण्याला हुसकावतात आणि ब्रेड घट्ट होतो. ब्रेड वाळतो म्हणून शिळा होतो हा समज चुकीचा आहे हे फ्रान्सच्या बूसँगो या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवलं. पाणी उडून जाऊ दिलं नाही तरी ब्रेड शिळा पडतोच, आणि नीट तापवला तर पुन्हा मऊ होतो. रेणूंची ही कवायत सर्वांत जोरात चालते ती गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजच्या कप्प्यात. पार गोठवलं की कवायत जवळजवळ थांबते. म्हणून फ्रीजर चालतो, ओट्यावरचा डबा चालतो, मधला फ्रिज तेवढा चालत नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. फ्रिजमधला कालचा भात आठवा. वाडा कोलम असो की रेशनचा, सकाळी त्याचं शीत न्‌ शीत टणक. तो तसाच ताटात वाढला तर घरात महाभारत होईल, म्हणून आपण त्याला फोडणी देतो, वाफ देतो, तो पुन्हा मऊ होतो. भाताच्या जिल्ह्यात राहून भाताचं हे शास्त्र प्रत्येक बाईला ठाऊक. ब्रेडच्या वेळी मात्र आपण ते विसरतो, कारण ब्रेड इंग्रजी माध्यमातून आलाय.

आता फ्रिजपंथीय म्हणतील, 'पण आमचा तर आठवडाभर टिकतो!' टिकतो म्हणजे हिरवा होत नाही. लाकडी फळीही आठवडाभर हिरवी होत नाही.

दुकानातही आपली परीक्षा ठरलेली. पुढचं पाकीट सोडून मागचं ओढायचं, अंगठ्याने दाबायचं, मऊ लागलं की 'ताजा आहे.' दुकानदार हुशार. त्याला कळून चुकलंय की अख्खं बोईसर मागचं पाकीट ओढतं, त्यामुळे जुना माल आता मागे असतो. आणि मऊ म्हणजे ताजा हेही खरं नाही. कारखान्यातला ब्रेड मऊ राहावा म्हणून त्यात काही घालतात, बुरशी लांबावी म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. यातलं बरंचसं नियमात बसतं. पोटॅशियम ब्रोमेट नावाचं पीठ सुधारणारं रसायन मात्र २०१६ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत शोधलं, गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हा अंगठा राहू द्या, तारीख वाचा. ती वाचता येत नसेल, आणि ती बहुधा गाठीच्या सुरकुतीतच छापलेली असते, तर दुकानदाराला वाचायला लावा.

आता मूळ मुद्दा, टोकाचा स्लाइस.

प्रत्येक पाकिटात दोन असतात. एका बाजूला तपकिरी, जाडसर, अनाथ. तो कुणीच खात नाही. सकाळी सातची घाई असते, डहाणू लोकल पकडायची असते, तरी माणूस त्या स्लाइसच्या मागे बोटं घालून दुसरा, तिसरा स्लाइस शिताफीने ओढून काढतो. पहिला जागच्या जागी. वर्गातल्या मागच्या बाकावरून थेट पुढे जावं तसे मधले स्लाइस डब्यात जातात आणि टोकाचा दारात उभा.

गंमत अशी की ब्रेडचं सर्वांत चांगलं झाकण तोच आहे. १९२८ साली अमेरिकेत आधीच कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकायला आला. सोय झाली, पण एका ब्रेडच्या वीस जखमा झाल्या. कापलेली प्रत्येक बाजू वाळणार, प्रत्येक बाजूवर बीजाणू बसणार. १९४३ मध्ये युद्ध चालू असताना तिथल्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली. एक कारण असं दिलं की कापलेला ब्रेड टिकवायला जास्त जाड मेणकागद लागतो. गृहिणी इतक्या चिडल्या की तीन महिन्यांच्या आत बंदी उठली. आपल्या घरात मेणकागदाचं काम टोकाचा स्लाइस बिनपगारी करतो. मधल्यांची लाज तो राखतो आणि शेवटी कचऱ्यात तोच जातो. नोकरदार वाचकांना जास्त समजावून सांगायला नको.

टाकण्याचीही आपली एक तऱ्हा आहे. एका कोपऱ्यावर हिरवा ठिपका दिसला की काटकसरी माणूस तेवढा कोपरा खुडतो आणि बाकीचा खातो. बुरशीचे तंतू ठिपक्याच्या कितीतरी पुढे पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नसतात असं आपण धरून चालतो. याउलट नुसता घट्ट झालेला, निर्दोष ब्रेड मात्र 'शिळा झाला' म्हणून गायीपुढे. जे टाकायचं ते पोटात आणि जे खायचं ते गायीला.

शिळ्याचं एवढं वावडं आपल्याला कधीपासून झालं? शिळ्या पोळीचा फोडणी दिलेला कुस्करा व्हायचा. शिळी भाकरी ताकात कुस्करून शेतावर जायची. सोलापूरकडे तर ज्वारीची, बाजरीची कडक भाकरी मुद्दाम वाळवून ठेवतात आणि ती महिनोन्‌महिने राहते. आमच्या शेजारचा गुजरात खाखरा करतो. खुद्द बेकरीवाल्याने पाव दुसऱ्यांदा भाजून टोस्ट केला आणि आपण तो चहात बुडवून पिढ्या काढल्या. ओल काढून घ्या, पदार्थ टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोंबिलाचं शास्त्रही तेच. भाकरी घरची होती म्हणून तिची दुसरी सकाळ घरात ठरलेली होती. ब्रेड विकतचा, त्याची दुसरी सकाळ कुणी ठरवलीच नाही. म्हणून तो फ्रिजमध्ये वाट बघत पडतो आणि आपण त्याला 'ठेवलाय' म्हणतो.

तेव्हा, फुकटचा सल्ला. दोन दिवसांत संपणारा ब्रेड ओट्यावर, कोरड्या डब्यात, तोंड नीट बंद करून. त्याहून जास्त दिवसांचा असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये. घट्ट झालेला तव्यावर पाण्याचा हबका मारून, आणि लगेच खायला, कारण तो मऊपणा उसना असतो. हिरवा झालेला पाकिटासकट बाहेर. गरम पाव प्लास्टिकमध्ये बांधायचा नाही, आधी निवू द्यायचा.

आणि लादी आणली तर ती आणल्या आणल्या मोडू नका. आमच्या घरात लादी टेबलावर आली की सगळे पाव सुटे करून डब्यात रचायची घाई होते, जणू ते भांडतील. पाव एकमेकांना चिकटून असतात तोवर त्यांच्या बाजू झाकलेल्या असतात, आतली ओल आत राहते. लागेल तेवढा तोडायचा, बाकीचे एकत्र राहू द्यायचे. एकत्र कुटुंबाचा एवढा फायदा आता फक्त पावालाच उरलाय.

हे सगळं मी परवा आईला समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार."

"मग अख्खं पाकीट आणतोस कशाला?"

आमच्या गल्लीत पाववाला सकाळी साडेसहाला सायकलवरून येतो आणि संध्याकाळी पाचला पुन्हा येतो. चार मागितले तर चार देतो, दोन मागितले तर दोन. साठवण त्याच्या बेकरीत, ताजेपणा आपल्या दारात. सुटे पैसे तेवढे तयार ठेवा, त्याच्याकडे कधीच नसतात.