नारळ आधी की चौकीदार?

भंडारा असो, तुमसर असो की पवनी, नव्या लेआउटमधला प्लॉट विकताना दलाल हमखास एका कोपऱ्याकडे बोट दाखवतो. "समोर बगिचा येणार आहे, साहेब." या वाक्याला चौरस फुटामागे वेगळा भाव असतो.

दलाल खोटे बोलत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे असतील तर किमान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सुटतेही. पुढे तिथे बेशरमाची झुडपे येतात, गाजर गवत येते, ज्याचे बांधकाम चालू आहे त्याची रेती-गिट्टी येते. आणि एखाद्या सकाळी कुणाला तरी शेंदूर सुचतो. वर्षभरात पत्रे, दोन वर्षांत स्लॅब. सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी बजावले होते. पण देवाला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, या विचारात बहुतेक कार्यालये अजून आहेत.

सरकारी बगिच्याची गोष्ट निराळी. केंद्राच्या २०१५ च्या अमृत अभियानात पाणी-गटारांबरोबर उद्यानांचाही समावेश होता. मुख्य अट एक लाख लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहर ९२ हजारांच्या आसपास. बगिच्यापासून भंडारेकरांना कुणी रोखले असेल, तर न जन्मलेल्या आठेक हजार पोरांनी. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात ही अट गेली, तेव्हा आता पोरांवर खापर फोडायची सोय उरलेली नाही.

निधी आला की कामाचा क्रम मात्र राज्यभर सारखाच. आधी कोनशिला. मग आवारभिंत, फाटक, फाटकाला कुलूप. मग पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, आणि शहरावर प्रेम असल्याचे जाहीर करणारी विजेची अक्षरे. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी साहेबांची गाडी निघेपर्यंत उडते. झाडे उरलेल्या पैशात, आणि पाणी घालणाऱ्या माळ्याचे पद मंजूर नसल्याने ती पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात स्वतःच्या जबाबदारीवर जगतात.

मुंबईत माटुंग्याच्या लोकांनी हा क्रम उलटा केला. डॉ. आंबेडकर मार्गावरच्या उड्डाणपुलाखालची जागा गाड्या, कचरा आणि गर्दुल्ल्यांनी भरली होती. रहिवाशांनी कुणालाही नारळ फोडायला बोलावले नाही. वर्गणी काढली, रखवालदार नेमले, गाड्यांना अटकाव केला आणि महापालिकेचा पिच्छा पुरवला. आराखडा नंतर आला, पैसा त्याहून नंतर. २०१६ मध्ये तिथे नानालाल डी. मेहता उद्यान उघडले. पुलाखाली सुमारे ६०० मीटर लांब, निळी, वळणावळणाची पायवाट आहे. ती वळणे नर्मदेच्या पात्राची. डोक्यावर ट्रक धडधडतात आणि खाली आजोबा फेऱ्या मारतात. मुंबईकरांना नदी रंगवावी लागली. भंडाऱ्याच्या कडेने वैनगंगा खरोखर वाहते, त्यामुळे तिच्याकडे बघण्याची गरज कुणाला वाटत नाही.

जागा लहान पडते, ही सबबही जुनी. न्यूयॉर्कचे पेली पार्क १९६७ साली जेमतेम ४,२०० चौरस फुटांत झाले. भंडाऱ्यात एवढ्यात दोन-तीन प्लॉट बसतील. मागे पाण्याचा पडदा, थोडी झाडे आणि हव्या तिथे उचलून ठेवता येणाऱ्या खुर्च्या. आपल्याकडे अशा खुर्च्या नक्की उचलल्या जातील. ठेवल्या कुठे जातील, एवढाच प्रश्न.

तेव्हा ज्या लेआउटला बगिचा हवा आहे, तिथल्या मंडळींनी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून मंजूर नकाशा मागवावा, मोकळी जागा टेप लावून मोजावी आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचे यावर भांडण्याआधी चौकीदाराच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराची वर्गणी गोळा करावी.