एकोणतीस देश आणि एक फ्रीज

शेंगेनचा एक व्हिसा पासपोर्टावर चिकटला की बाईमाणूस २९ देशांत फिरू शकतं. कागद नीट असले तर साधारण १५ दिवसांत निकाल लागतो. घरचा व्हिसा एकाच देशाचा, पण त्याला अधिकारी पाच: सासूबाई, आमचे हे, मुलगा, सासरी बसून फोनवरून सूत्रं हलवणारी लेक आणि पोळ्यांच्या मावशी. त्यातला मावशींचा होकार सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात महाग पडला.

तर आमच्या भिशीने यंदा युरोप ठरवलंय. आठ बायका, वयं पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत. ही बातमी सोसायटीत पसरल्यापासून लिफ्टमध्ये एकच संवाद चालू आहे.

"कुणाबरोबर चाललात?"

"आम्ही आठजणी आहोत."

"हो, पण बरोबर कोण आहे?"

आठ बायका म्हणजे एकटी बाई, हे गणित मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. यात एखाद्या नववीतल्या भाच्याला घातलं असतं तर "मग काही काळजी नाही" म्हणाले असते. भाच्याला रस्ता ओलांडताना आम्हीच हात धरला असता, तो भाग वेगळा.

हे प्रश्न आजचे नाहीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघायच्या आधी श्रीरामपूरच्या कॉलेजात (बंगालमधलं श्रीरामपूर, नगरचं नव्हे) भर सभेत उभ्या राहिल्या आणि लोक त्यांना विचारत होते त्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. एकटी का जाते, तिकडे काही संकट आलं तर काय, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय, आणि जे कुठलीच बाई करत नाही ते हिलाच का करायचंय. अठरा वर्षांचंही वय पुरं नव्हतं. एप्रिलात त्या बोटीवर चढल्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पण प्रश्न काही बोटीवर चढले नाहीत, ते इथेच राहिले आणि आता लिफ्टने वरखाली करतात. फरक एवढाच, की आनंदीबाईंच्या मागे त्यांचे यजमान गोपाळराव हात धुऊन लागले होते, जा म्हणून. आमच्याकडे जा म्हणणारं कुणी नाही आणि जाऊ नको असंही कुणी म्हणत नाही. "जा ना, पण..." असं म्हणतात. त्या 'पण'पुढे फ्रीज येतो. त्याच्याकडे येऊच.

आधी कागदपत्रं. आमच्या पिढीच्या बायकांकडे नावांचा तुटवडा नाही. दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं दुसरं, आधारवर त्या दुसऱ्यापुढे नवऱ्याचं, आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी, कारण त्या क्लार्कला घाई होती. आमच्यातल्या एकीला आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. चाळीस वर्षांपूर्वी ते ताट पुढे केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. राजपत्राच्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी आलं नाही, रिक्षाचे पैसेसुद्धा तिनेच दिले.

मग 'व्यवसाय' हा रकाना. 'गृहिणी' लिहिलं की पुढचा प्रश्न असतो, खर्च कोण करणार? आता भिशीच्या पैशाला पावती नसते. रद्दी, दिवाळीची ओवाळणी, उन्हाळ्यात विकलेले कुरडया-पापड, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, यांचं स्टेटमेंट कुठलीच बँक देत नाही. त्यामुळे अर्जाला यांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न जोडलं, आणि एक रुपया न देता आमचे हे माझ्या सहलीचे प्रायोजक झाले. सही करताना पेन दोनदा झटकलं. त्या दिवसापासून दूधवाल्याला, केमिस्टला, बँकेतल्या वॉचमनला एकच वाक्य ऐकवतायत: "मी हिला युरोपला पाठवतोय."

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. त्यात आजारपण येतं, आणि वाईटात वाईट घडलं तर मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्चही येतो. यांनी हे कलम जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे आमटी ओरपली आणि विचारलं, "आणि तू तिकडे असताना आम्हाला इकडे काही झालं तर?" असा विमा अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. काढला तर हप्ता परवडायचा नाही.

सगळ्यात गंमत बोटांच्या ठशांची. त्यासाठी भल्या पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकहून मुंबई गाठली. दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. काचेवर चार बोटं ठेवायची, हिरवा दिवा लागला की झालं. माझा लागला. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या वहिनींचा लागेना. काउंटरवरच्या मुलीने टिश्यू दिला, म्हणाली, "आँटी, जरा पुसून ठेवा." पुसून ठेवली, लाल. "आँटी, जरा दाबून ठेवा." दाबून, लाल. मग तिने वहिनींचा हात आपल्या हातात घेऊन बोटं उलटी करून पाहिली. आधी राखेने, मग तारेच्या घासणीने, मग निळ्या साबणाच्या वडीने इतकी वर्षं भांडी घासलीत, की त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मुलीने आपल्या पर्समधली क्रीमची ट्यूब काढली, स्वतःच चोळून दिली, तेव्हा कुठे पाचव्या खेपेला दिवा हिरवा झाला. घरी आल्यावर वहिनींच्या मुलाने विचारलं, "एवढा वेळ का लागला?" वहिनी म्हणाल्या, "तुझ्या ताटांमुळे."

आता सुरक्षितता. पॅरिसमध्ये पाकीटमार आहेत, रोममध्ये आहेत, बार्सिलोनात तर विचारूच नका, असे व्हिडिओ घराघरांतले पुरुष आम्हाला रोज पाठवतात. पाकीटमार आहेत हे खरंच आहे. पण आमच्यातल्या दोघींची मंगळसूत्रं सकाळी फिरायला गेलेल्या असताना, राहत्या गल्लीत, मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली आहेत. तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की ही गल्ली बायकांना एकटीने जाण्यासारखी नाही. तेव्हा म्हणाले, "सोनं घालून कशाला गेलात?"

तरीही सल्ला मानून सगळ्यांनी शिंप्याकडून सलवारीला आतून चोरखिसा शिवून घेतला. चेन लावलेला, पासपोर्ट आणि पैसे मावतील एवढा. शिवून आल्यावर अडचण लक्षात आली. साधी पाण्याची बाटली घ्यायची तरी आधी आडोसा म्हणून स्वच्छतागृह शोधावं लागणार, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहात शिरायला आधी सुटी नाणी मोजावी लागतात. ती त्याच खिशात.

पैसे भरून जावं लागतं यावर आमचे हे फार संतापले. आम्हाला काहीच वाटलं नाही. ज्या शहरात पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, म्हणून २०११ साली 'राइट टू पी' ची मोहीम काढावी लागली, त्या मुंबईत आम्ही शॉपिंग केलेलं आहे. तिकडे दाराशी पुरुषांनाही नाणं टाकावं लागतं हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "मग बघायलाच हवा तो देश."

खाण्याचं मी थोडक्यात सांगते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे बाद. सुकं खोबरं विमानवाल्यांच्या लेखी ज्वालाग्राही मालात मोडतं, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं. जन्मभर ज्याची वाटी गॅसशेजारी ठेवली ते हे. मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, विषय संपला. आमच्या आठजणींच्या पोटाची सोय अर्ध्या तासात झाली.

मागे राहणाऱ्या पोटांची मात्र दोन आठवडे चालू आहे. फ्रीजरमध्ये वाटणाचे डबे, प्रत्येकावर पांढरी पट्टी: 'उसळीला', 'आमटीला', 'हे काय आहे ते मला फोन करून विचारा'. दारावर तक्ता: दूध किती, इस्त्रीवाला कधी, कचरा ओला कुठला नि सुका कुठला. कुकरच्या तळाला पाणी घालायचं असतं, ही बातमी मुलाला या निमित्ताने कळली. तो कंपनीत म्हणे जोखीम-व्यवस्थापन बघतो. यांच्या गोळ्या डब्यांत वारांप्रमाणे भरल्या, कारण पंधरा वर्षं घेत असलेल्या बीपीच्या गोळीचं नाव यांना सांगता येत नाही, रंग सांगतात. त्या गडबडीत माझी थायरॉइडची गोळी बॅगेत टाकायची राहिली होती, ती वहिनींनी आठवण करून दिली म्हणून गेली.

एवढं करूनही घरातली पुरुष मंडळी अस्वस्थच होती. शेवटी यांनी पुढाकार घेतला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चौकशी केली, तीन ठिकाणी फोन लावले, आणि मागच्या गल्लीत घरगुती डबे देणाऱ्या ताईंचा नंबर मिळवला. आम्ही परत येईपर्यंत दोन्ही वेळचा डबा, भाव ठरला, तिखट कमी ठरलं, रविवारी गोड ठरलं. हे विजयी मुद्रेने फोन ठेवणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "काका, पण पाच तारखेपासून नाही हं जमायचं. आम्ही बचत गटाच्या बायका बालीला चाललोय."

हे दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी ताईंना विचारलं, "बरोबर कोण आहे?"